बिर्केनश्टाइगची घंटा

झिंडेलफिंगेनहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण होतो. त्यातल्या चौघांना ते घर मिळावं असं मनापासून वाटत होतं. पाचवी मी.

गाडी चालवत होते आमचे जावई केदारराव, इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या शेजारी माझी मुलगी अनघा, सॉफ्टवेअरवाली. मागे मी, सहा वर्षांची नात रेवा आणि आमचे हे. ह्यांची सगळी हयात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेली, आणि रिटायर झाल्यापासून देव आणि चहा या दोनच गोष्टींत त्यांचं लक्ष. २०१५चा मे महिना होता. आम्ही दोघं चिंचवडहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलो होतो.

अनघा जर्मनीला आली होती दोन वर्षांसाठी. त्याची बघता बघता आठ झाली. "परत कधी येणार गं?" असं फोनवर विचारलं की "बघू गं आई" एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी मी विचारणं सोडलं, पण आशा काही सोडली नव्हती. आणि नेमकं मी इथे असताना त्यांच्या घरमालकाने कळवलं, माझ्या मुलाला राहायला जागा हवी, हिवाळ्याच्या आत घर रिकामं करा. इथे घर शोधणं म्हणजे लग्न जमवण्यासारखंच आहे हो. आपण घर पसंत करून भागत नाही, घरमालकाने आपल्याला पसंत करावं लागतं. बेझिश्टिगुंग (घर बघायला जायची ठरवून दिलेली वेळ) म्हणजे चक्क कांदेपोहेच. नवे कपडे घालायचे, गोड हसायचं आणि मग नकाराची वाट बघायची. पाचसहा ठिकाणचे नकार येऊन झाले होते. मी तोंडाने "अरेरे" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, येऊ दे अजून एक. कंटाळतील, चंबूगबाळं आवरतील आणि येतील पुण्याला. लबाड म्हणा हवं तर, पण आई आहे मी.

हमरस्ता सोडल्यावर मात्र मी घरबिर विसरले. दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं, आपल्याकडच्या मोहरीसारखी. कडेला लाकडी खोपटांतून श्पार्गेल (पांढऱ्या कोंबांची भाजी) विकायला ठेवलेला. या श्पार्गेलसाठी जर्मन माणूस वर्षभर झुरतो असं केदाररावांनी सांगितलं. मी घरी एकदा फोडणी देऊन करून बघितला होता, त्यावर आमचं कोणाचंच एकमत झालं नाही. मग एक वळण आलं आणि समोर बिर्केनश्टाइग गावाची टेकडी दिसली. टेकडीच्या डोक्यावर दगडी तट, तटाच्या आत दाटीवाटीने उभी असलेली लाल कौलं, आणि सगळ्यांच्या वर चर्चचा टोकदार मनोरा. खाली उतारावर सफरचंदाची झाडं फुललेली.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तर रायगडावर बिऱ्हाड करण्यासारखं आहे."

"जा आई, पण इथे बस येते," केदारराव म्हणाले. इतकी वर्षं इथे राहून ते 'हो'ला 'जा' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, मला जायलाच सांगताहेत.

घाटातल्या वळणांनी रेवाचा चेहरा पांढरा पडला. "ओमा, मिअर इस्ट श्लेष्ट," ती म्हणाली (आजी, मला मळमळतंय). पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी पर्समधून आवळासुपारी काढेपर्यंत माझ्या नव्या साडीचं व्हायचं ते झालं. आता या साडीने घरमालकिणीसमोर उभं राहायचं! अनघाने आधी साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तटाशी तिला परसातल्या नळासारखा एक नळ दिसला, तिथे आम्ही पदर धुतला.

गाडी वेशीबाहेर ठेवावी लागते. आत फरसबंदी रस्ता, चपलेखाली टोचणारे गोल गोल दगड. घरांच्या भिंतींत काळ्या लाकडी तुळया आडव्यातिडव्या बसवलेल्या, आणि दारांवर घर बांधल्याची सालं कोरलेली. ह्यांनी एका दारापाशी चष्मा वर करून साल वाचलं आणि म्हणाले, "शिवाजी महाराजांच्या आधीचं आहे गं." मग प्रत्येक दारापाशी थांबून तोच हिशेब सुरू झाला, हे महाराजांच्या आधीचं, हे पेशवाईतलं. चौकात लिंडनचं एक मोठं झाड, त्याला गोल पार बांधलेला. पार पाहून मला जरा बरं वाटलं. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या होत्या, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

घरमालकीण फ्राऊ श्टाइनले यांनी अकराला बोलावलं होतं. "आल्झो (तर मग), अकरा म्हणजे अकरा. आधीही नाही आणि नंतरही नाही," असं केदाररावांनी बजावलं. आम्ही पोचलो होतो बरंच आधी. रेवाला काहीतरी खायला द्यावं म्हणून ती तिघं कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. "बाबा, तुम्ही दोघं चर्च बघून या, सुंदर आहे म्हणतात," असं अनघानेच सुचवलं. पुढे जे झालं त्याबद्दल ती ह्यांना फार बोलू शकली नाही, त्याचं कारण हेच.

चर्चचं जड दार ढकललं की आधी मनोऱ्याच्या तळाशी एक लहानशी खोली लागते. तिथे छताच्या भोकातून एक जाड दोर खाली लोंबत होता. टोकाला लाकडी मूठ, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. हे थबकले.

"अगं, घंटा."

"असेल. चला आत."

"देवाच्या दारात आलोय. घंटा न वाजवता कसं जायचं?"

"अहो, हा काय आपला कोपऱ्यावरचा मारुती आहे?"

"देव तो देव. लेकीच्या घराचं काम आहे आज. आपण आलोय हे त्याला कळायला नको?"

आणि ह्यांनी दोर ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. वर नुसती कुरकुर. "तेलपाणी केलेलं नाही कोणी," हे म्हणाले. वर्कशॉपचा माणूस, न चालणारं यंत्र बघून तो गप्प बसेल? ह्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. वर काहीतरी हललं आणि जो आवाज झाला, ठण्ण, तो थेट माझ्या दातांत शिरला. बरं, देवळातली घंटा एकदा वाजवली की झालं. ही थांबेचना. दोर वर जायचा तसे हे चवड्यांवर उचलले जायचे.

"अहो सोडा तो दोर!"

"सोडला तरी वाजतेय!" हे ओरडले. त्यांचा चेहरा मी लग्नानंतर इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

मी बाहेर धावले, आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मघाशी चिटपाखरू नसलेल्या त्या रस्त्यावर दारं उघडत होती. पीठ लागलेल्या हातांनी एक बाई बाहेर आली. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. कोणी एकमेकांशी बोलत नव्हतं. सगळे चर्चकडे एकदा बघायचे आणि मग हळूहळू एकाच गल्लीकडे चालायला लागायचे. एवढ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन चर्चचा राखणदार धापा टाकत आला, माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "वेअर?"

'वेअर' म्हणजे 'कोण', एवढा शब्द मला येत होता. मला वाटलं, कोणी वाजवली ते विचारतोय. मी दारातून बाहेर येणाऱ्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा ह्यांच्याकडे नुसता बघतच राहिला.

मग बेकरीतून अनघा धावत आली, तिच्यामागे केदारराव आणि रेवा. त्या माणसाशी जर्मनमध्ये बोलता बोलता अनघा पांढरीफटक पडली. तिने आम्हाला सांगितलं ते असं: चर्चच्या मोठ्या घंटा आता विजेवर वाजतात. ही लहान घंटा मात्र अजून हाताने वाजवतात, आणि ती एकाच प्रसंगी वाजते. गावातलं कोणी गेलं की. ती ऐकली की सगळे घराबाहेर येतात. तो राखणदार विचारत होता, कोण गेलं?

"मग हे लोक चाललेत कुठे?" मी विचारलं.

केदाररावांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे हिरव्या दाराच्या एका घरासमोर माणसं जमली होती. "आई, तेच घर," ते म्हणाले.

दारात फ्राऊ श्टाइनले उभ्या होत्या. उंच, वाळक्या, पांढरे केस मागे बांधलेले, बेझिश्टिगुंगसाठी स्वच्छ एप्रन घातलेला. एक हात चौकटीवर. त्यांचा नवरा हेर्मान हिवाळ्यापासून खाली दरीतल्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेला होता. गावात एवढं आजारी दुसरं कोणी नव्हतं. घंटा वाजली तेव्हा गावाला जे वाटलं तेच त्यांनाही वाटलं, की आश्रमाने आपल्या आधी पाद्रीबुवांना कळवलं. शेजारणीने त्यांचा हात हातात घेतला तसा राखणदार गर्दीतून पुढे गेला आणि ओरडून काहीतरी बोलला. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. त्या बाई आत गेल्या, फोनवर बोलल्याचं उघड्या दारातून ऐकू आलं, आणि परत येऊन पायरीवर मटकन बसल्या. हेर्मान ठीक होता. आंघोळ घालून त्याला नुकतंच बसवलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. हे पुढे झाले, हात जोडून खाली मान घालून उभे राहिले आणि मराठीतच म्हणाले, "चुकलं बाई माझं. फार मोठं चुकलं." अनघा आणि केदारराव दोघंही एकदम बोलत होते, माफी मागत होते. फ्राऊ श्टाइनलेंनी हात वर केला. "हॉइटे निश्ट," त्या म्हणाल्या. आज नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लागलं. माणसं पांगली.

झालं. मला हवं होतं तेच झालं होतं की! यापेक्षा चोख नकार मला मागूनही मिळाला नसता. मी आनंदाची वाट बघत उभी राहिले. अनघा खाली वाकून रेवाच्या जाकिटाची चेन लावत होती. लावलेली चेन ती पुन्हा काढत होती, पुन्हा लावत होती. रडत नव्हती ती. लहानपणीही ती रडायची नाही, असंच काहीतरी हातात घेऊन बसायची. मला एकदम कळलं, की माझी मुलगी दमली आहे. आठ वर्षं ती परक्या दारांत उभी राहून गोड हसते आहे. आणि मी तिची आई, मनातल्या मनात दार लागायची वाट बघत होते. मला स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू!

मी सरळ गेले आणि हिरवं दार वाजवलं.

"आई, नको ना! काय करतेयस?" अनघा मागून आली.

"तू फक्त मी म्हणते ते सांग त्यांना. शब्द गाळायचा नाही."

दार उघडलं. फ्राऊ श्टाइनलेंचे डोळे लाल होते. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे जिवंत माणूस गेल्याची खोटी बातमी उठली, की त्याचं आयुष्य वाढतं."

"आई, हे मी कसं सांगू? त्या काय म्हणतील?"

"सांग."

तिने सांगितलं. मग मी माझ्या मामाची गोष्ट सांगितली. मामा आजारी असताना कोणीतरी घाईने तार केली, मामा गेले. आम्ही सगळे रडत त्यांच्या दारात पोचलो, तर दार मामांनीच उघडलं, हातात चहाची कपबशी. त्यानंतर मामा इतके जगले की ती तार करणाऱ्याला पोचवायला स्मशानात तेच गेले. अनघा भाषांतर करता करता मध्येच हसली. हसू दाबत तिने वाक्य पुरं केलं.

फ्राऊ श्टाइनलेंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यांनी विचारलं, "किती वाढतं?"

"चांगलं भरपूर," मी म्हटलं.

"हेर्मानला हे आवडणार नाही. तो रोज म्हणतो, आता पुरे." असं म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी फोन लावला, आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, घंटा, गाव, भारतातून आलेला गृहस्थ, मामा आणि कपबशी. मग पलीकडून खरखरीत आवाज आला. आधी मला तो खोकला वाटला. तो म्हातारा हसत होता. हसता हसता काहीतरी म्हणाला, त्यावर रेवा खुदकन हसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ओपा म्हणाला, माझ्यासाठी किती लोक आले होते?" रेवा म्हणाली. 'ओपा' (आजोबा) सोडलं तर चक्क मराठीत. आणि फ्राऊ श्टाइनले एप्रनने डोळे पुसत एकेकाचं नाव घेऊन फोनमध्ये सांगायला लागल्या, कोण कोण आलं होतं, कोणी टोपी काढली, कोण अगदी पुढे उभं होतं. हिवाळ्यापासून हेर्मान हसला नव्हता, असं त्यांनी फोन ठेवल्यावर सांगितलं.

मग आम्हाला आत घेतलं. कॉफी झाली, हेफेत्झोप्फ (वेणीसारखा विणलेला गोडसर पाव) झाला. ह्यांना चहा मिळाला, पिशवी बुडवलेला, पण त्यांनी हूं का चूं न करता प्यायला. त्या स्वतः खाली राहणार होत्या, वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. तीन खोल्या, लाकडी जिना, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती सगळी दरी दिसत होती. ओटा अंमळ लहान. मी स्पष्टच विचारलं, फोडणीचा वास आला तर चालेल का? त्यावर त्या म्हणाल्या, मी कोबी आंबवते, तुम्ही तुमचं बघा. केअरवोखे (पाळीपाळीने जिना झाडायचा आठवडा) कोण करणार, असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. केदाररावांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

शेवटी त्यांनी कप खाली ठेवला आणि अनघाला एक प्रश्न विचारला. अनघाने केदाररावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय विचारताहेत?"

"काही नाही गं."

"अनघा."

"त्या म्हणताहेत, दोन वर्षांत उठून जाणारं कोणी त्यांना नको. घरात माणसं राहावीत असं वाटतं त्यांना." ती थांबली. "विचारताहेत, तुम्ही इथेच राहणार का, की परत जाणार."

हाच प्रश्न मी तिला इतकी वर्षं विचारत होते. आणि आत्ता तिला उत्तर माहीत होतं, पण माझ्या तोंडावर ते देववत नव्हतं. 'बघू' म्हटलं तर घर जात होतं. खोटं बोलायला ती शिकलेली नाही, आम्हीच शिकवलं नाही. खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसत होती आणि रेवा खुर्चीवर उभी राहून ती मोजत होती.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "राहणार."

"आई..."

"सांग. राहणार म्हणावं."

तिने सांगितलं. फ्राऊ श्टाइनलेंनी अनघाकडे न बघता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. भाषांतराशिवाय त्यांना माझं उत्तर कळलं होतं, असं मला आजही वाटतं. परतताना गाडीत अनघाने पुढच्या सीटवरून हात मागे केला आणि माझा हात धरला, तो घाट उतरेपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी फोन आला, घर तुमचं. ऑगस्टमध्ये आम्ही चिंचवडला परतलो. सामान अजून हॉलमध्येच पडलं होतं तोवर शेजारच्या मालतीबाई आल्याच.

"काय म्हणतेय अनघा? परत कधी येणार?"

"आता नाही येणार. तिला तिकडे घर मिळालं."

"अरेरे!"

"अरेरे काय त्यात? मीच मिळवून दिलं," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण मालतीबाई पटकन गेल्या.

मी आत जाऊन चहा टाकला आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडून घेतलं. हे दारात आले. "काय झालं गं?"

"काही नाही," मी डोळे पुसले. "पुढच्या मे महिन्याची तिकिटं बघा."